पाटी काळी असताना

शनिवारी दुपारी ती गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेली ती अगदी साध्या कामासाठी. गाडी चार्जिंग घेईना. रात्रभर वायर लावून ठेवली तरी सकाळी बॅटरी जिथल्या तिथे, आणि मधल्या पडद्यावर एक पांढरं गोल आपलं फिरतंय. तिने दोनदा वायर काढली, पुसली, पुन्हा लावली. शेवटी गाडीने कसंबसं मनावर घेतलं आणि शहरापर्यंत जाण्यापुरती वीज आत घेतली.

गाडी विजेवर चालणारी, आणि असल्या गाड्यांच्या मानाने चांगलीच म्हातारी. नवी होती तेव्हा सिग्नलला शेजारचे लोक काच खाली करून चौकशी करायचे. आता तिचे सुटे भाग बनवणंही कंपनीने बंद केलं होतं. तिच्या नवऱ्याने मात्र ती हट्टाने चालू ठेवली. तो शाळेत मास्तर होता, निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला मास्तरच म्हणत, आणि गाडीतल्या त्या हातभर रुंद पडद्याला त्याने नाव ठेवलं होतं पाटी. नकाशा पाटीवर, हीटर पाटीवर, चार्जिंग पाटीवर, रेडिओ पाटीवर. पाटी रुसली की गाडी म्हणजे चार चाकांचा पाट, असं तो म्हणायचा.

आणि पाटी रुसायची. बोट लावलं तर ढिम्म हलायची नाही. त्यावर उपाय एकच होता. स्टिअरिंगवर दोन्ही बाजूंना दोन छोटी गोल बटणं होती, त्यांवर दोन्ही अंगठे एकदम दाबून धरायचे. थोड्या वेळाने पाटी काळीठिक्कर पडायची आणि जरा दम खाऊन पुन्हा उजळायची. मास्तर याला पाटी पुसणं म्हणायचा. पण पुसण्याआधी शेजारी बसलेल्या बायकोला दर खेपेला एकच हुकूम सुटायचा. पाटी उजळेपर्यंत अळीमिळी गुपचिळी. बोलायचं नाही, पाटीकडे बघायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं.

सुरुवातीला तिने खूप थट्टा केली. शाळा सुटली तरी तुमचा वर्ग काही सुटत नाही, म्हणाली. एरवी मास्तर स्वतःवरचे विनोद चवीने ऐकायचा, पण या एका बाबतीत त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. मग तिलाही सवय लागून गेली. माणसाच्या अंगी काही खोड्या असायच्याच, त्या पोटात घातल्याशिवाय संसार होत नाहीत. ती खिडकीबाहेर बघायची, झाडं मोजायची, आणि तो ‘हं’ म्हणाला की तोंड उघडायची.

मास्तर गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं. थंडीतला खोकला छातीत उतरला आणि आठवड्याभरात सगळा कारभार आटोपला. घर गावाबाहेर, रस्त्यातलं शेवटचं. तिथवर बस येत नाही. तिचं काम पाण्याच्या तपासणीचं: शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावांवर जायचं, बाटल्यांत नमुने भरायचे आणि प्रयोगशाळेत आणून द्यायचे. गाडी नसेल तर नोकरी नाही, नोकरी नसेल तर ते घर नाही. धाकटी बहीण फोन करून करून थकली होती. ते भंगार विकून टाक आणि माझ्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे, असं तिचं पालुपद. ती दर खेपेला बघू म्हणायची आणि विषय मुलांच्या परीक्षांवर न्यायची. बहिणीला वाटे, ताई घरासाठी अडून बसली आहे. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

झालं होतं ते असं. पावसाळा संपता संपता एकदा ती वरच्या तलावाकडे जात होती आणि वाटेतच पाटी अडकली. तिने गाडी कडेला घेतली, अंगठे दाबले आणि सवयीने बाहेर बघू लागली. तेवढ्यात मागे ठेवलेली एक बाटली घरंगळली, म्हणून तिने मान वळवली, आणि वळता वळता नजर पाटीवरून गेली. काळी पडलेली पाटी म्हणजे आरसाच. चालवणाऱ्याच्या जागेवरून तिच्यात शेजारची सीट दिसते. शेजारच्या सीटवर तिची पर्स होती, जेवणाचा डबा होता. पाटीतल्या सीटवर पर्स नव्हती, डबाही नव्हता. तिथे तपकिरी स्वेटर घातलेला एक माणूस पाठ वळवून बसला होता. स्वेटरच्या कोपराला ठिगळ होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं, धागा जुळत नाही म्हणून कुरकुरत.

तो खिडकीबाहेर बघत होता. मानेवरचे पांढरे केस नेहमीसारखे वाढलेले, न्हाव्याकडे जायचा कंटाळा केलेला. मग पाटी उजळली, नकाशा आला, आणि सीटवर पर्स आणि डबा.

ती घाबरली नाही, असं सांगितलं तर कोणाला पटणार नाही. त्या दिवशी तिच्या हातून नमुन्याच्या दोन बाटल्या फुटल्या. पण घरी परतताना तिने पर्स आणि डबा उचलून मागच्या सीटवर ठेवला. उगीच त्याला अडचण नको.

त्यानंतर पाटी अडकण्याची वाट कशाला बघायची? सकाळी निघताना ती एकदा अंगठे दाबायची, तलावावर पोचल्यावर एकदा, संध्याकाळी अंगणात गाडी लावल्यावर दोनदा, तीनदा. स्वयंपाक आटोपला की हात पुसत अंगणात येऊन बसायची. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण बघायला होतं कोण? शेजारचं घर हाकेच्या अंतरावरही नव्हतं. दर वेळी तो असायचा. दर वेळी तसाच, तोंड फिरवून, बाहेर बघत. ती बोलायची नाही. पाटी काळी असताना बोलायचं नाही हे इतक्या वर्षांत हाडीमाशी खिळलं होतं. फक्त बघत बसायची. खांदा, कान, चष्म्याची दांडी, गालाची एक कड. चेहरा कधीच नाही.

आणि पाटी थकत चालली होती. पूर्वी चटकन उजळायची, ती आता रेंगाळू लागली. लोकांच्या अशा वेळी नाकी नऊ येतात. हिला मात्र पाटीचा आजार म्हणजे पर्वणी वाटायची, कारण काळोख जितका लांबेल तितका वेळ तो शेजारी. दिवाळखोरीतल्या माणसाने चैन करावी तसं तिचं चाललं होतं, हे तिला कळत होतं. कळूनही अंगठे थांबत नव्हते.

तर अशी ती शनिवारी मिस्त्रीकडे आली. मिस्त्री बोलका माणूस. शेडमध्ये तेलाचा वास कमी आणि तापलेल्या तारांचा जास्त. त्याने गाडीला लॅपटॉप जोडला, बराच वेळ आकडे खाली सरकवत राहिला, आणि मग चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत राहिला. पाटी दिवसातून इतक्यांदा का बंद करता, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, अडकते म्हणून. मिस्त्री म्हणाला, अडकल्याची नोंद कुठेच नाही. तिने विषय बदलला आणि चार्जिंगचं काय ते विचारलं.

मग त्याने नीट समजावलं. पाटीच्या आत एक मेमरीची चिप असते. गाडी तिच्यावर सतत काहीतरी लिहीत असते आणि खोडत असते. वहीच्या एकाच पानावर लिहून लिहून, खोडून खोडून जसं भोक पडतं, तसं त्या चिपचं झालं होतं. बंद करून चालू केली की सगळं पुन्हा वाचायला लागतं आणि पान आणखी फाटतं.

“वहिनी, स्पष्ट सांगतो,” मिस्त्री म्हणाला. “आता पुन्हा काळी झाली तर उजळेलच याची मी हमी देत नाही. आणि नाही उजळली तर चार्जिंग बंद, म्हणजे गाडी बंद. भंगारातल्या एका गाडीची पाटी मी मिळवलीये. सोमवारी बसवून देतो. तोवर हात लावू नका.”

नव्या पाटीची काच कशी असते, एवढंच तिने विचारलं. मिस्त्रीला वाटलं, ती रंगरूपाची चौकशी करतेय. त्याने आतून आणून दाखवली. काचेवर उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून कसलासा खरखरीत थर होता. तिने ती तोंडासमोर धरली. चेहऱ्याच्या जागी नुसता करडा धूसर डाग दिसला. छान आहे, असं म्हणून तिने ती परत दिली.

वायर गुंडाळता गुंडाळता मिस्त्रीला मास्तरची आठवण आली. फार वेगळा माणूस, म्हणाला. सगळे येतात ते पाटी जोरात चालावी म्हणून. मास्तर यायचा तो एकाच गोष्टीसाठी. पाटी काळी राहते तो मधला वेळ कमी करता येईल का? जितका होईल तितका कमी? त्यासाठी त्याने तीन-चारदा खेपा घातल्या होत्या.

“मी म्हटलं, मास्तर, एवढी कसली घाई? तर म्हणाले, घाई मला नाही. ती शेजारी बसलेली असते ना…” मिस्त्री हसला. “तुमची फार काळजी होती त्यांना.”

तीही हसली. तिला बरं वाटलं. आपला जीव कंटाळायला नको म्हणून हा माणूस इथवर खेपा घालत होता, असा तिने त्याचा अर्थ लावला, आणि डोळे भरून आले म्हणून लवकर निघाली.

रविवारी वरच्या तलावाचे नमुने न्यायचे होते. सुट्टी असली तरी पाण्याला सुट्टी नसते. सकाळचं धुकं उठलंच नव्हतं, दुपार टळली तरी तलावाच्या भिंतीवर कापसासारखं बसून होतं. तिने बाटल्या भरल्या, बुचं घट्ट लावली, डिकीत रांगेने ठेवल्या. पाण्याचा, शेवाळाचा, ओल्या दगडांचा वास तिच्या कपड्यांना लागला होता. गाडीत येऊन बसली, हीटर लावायला बोट पुढे केलं, आणि पाटी अडकलेली.

या वेळी खरोखरच अडकली होती. तिने हात लावला नव्हता.

काय करायला हवं हे तिला पक्कं ठाऊक होतं. अडकलेल्या पाटीनेही गाडी चालते. थंडीत कुडकुडत का होईना, घर गाठता आलं असतं. सकाळी मिस्त्रीला बोलावलं असतं, नवी खरखरीत पाटी बसली असती, नोकरी टिकली असती, घर टिकलं असतं. आणि तो स्वेटर, ते ठिगळ, ती मान पुन्हा कधी दिसली नसती. पावसाळ्यापासून तिने मान बघितली होती. चेहरा एकदाही नाही. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात त्याच्या तोंडावर नळ्या होत्या, तेव्हाही धड दिसला नव्हता.

एकदाच, तिने स्वतःला बजावलं. आणि नाही उजळली तर नाही उजळली. इथून चालत जाईन. नोकरी गेली तर बहिणीची मागची खोली आहे.

तिने अंगठे ठेवले आणि दाबले.

पाटी काळी झाली. पंखा थांबला, आतली सगळी बारीक गुणगुण थांबली. धुक्यामुळे काचांबाहेर काहीच नव्हतं, आणि आत काळ्या पाटीत तो होता. पाठमोरा. आज जरा पुढे वाकलेला, दोन्ही हात सीटच्या कडांना धरलेले. तिने बघितलं, बघत राहिली. पाटी उजळण्याचं नाव घेईना. एरवीचा वेळ कधीच उलटून गेला होता. आपल्याच श्वासाची वाफ तिला दिसू लागली. म्हणजे हेच शेवटचं, तिच्या मनात आलं. आणि इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं.

“अहो…” ती म्हणाली. “इकडे बघा ना. एकदाच…”

सीटच्या कडांवरची त्याची बोटं आवळली. तो हळूहळू वळला.

तोच होता. त्यात काडीचाही संशय नव्हता. चष्मा, दाढीचे खुंट, डाव्या भुवईतली ती जुनी खोक. पण तो इतका थकलेला होता की तिला रडू फुटलं. दार लोटून धरून माणूस बराच वेळ उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावर येतो, तसला थकवा. त्याने तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याचे ओठ वाचता येतात.

का बोललीस…

मग त्याची नजर तिच्यावरून निघाली आणि बाजूला, वर गेली. जणू त्याच्या डोक्याशी कोणी येऊन उभं राहिलं होतं, आणि आता उठा म्हणत होतं. त्याने मान खाली घातली. हात सुटले. तो सीटवरून उठला, अगदी मुकाट्याने, दुसऱ्याची जागा अडवून बसलेला माणूस पकडला जावा तसा.

शेजारचं दार उघडलं. पाटीत नव्हे, खरोखर उघडलं, आणि तलावावरची गार ओली हवा आत शिरली. पाटीतली सीट रिकामी होती. तिने फक्त हात पुढे केला, आणि हाताला हवा लागली.

दार काही क्षण तसंच उघडं राहिलं. मग बंद झालं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. आत बसून कोणी बेताने ओढून घ्यावं, तसं बंद झालं.

आणि पाटी उजळली. इतकी लख्ख ती कित्येक वर्षांत उजळली नव्हती. नकाशा झटक्यात आला, हीटर सुरू झाला, सगळी चिन्हं नव्यासारखी झळकू लागली. तिने पुन्हा अंगठे दाबले. दाबून धरले, नखं पांढरी पडेपर्यंत धरले. पाटी काळी होईना. तिने एका हाताने डोळे पुसले आणि पुन्हा दाबले. नकाशा हसल्यासारखा तिथल्या तिथे उजळून राहिला.

टिंग, असा आवाज झाला.

पाटीच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल खूण लुकलुकत होती. शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलं आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं सांगणारी खूण. तिने शेजारी बघितलं. सीटवर काही नव्हतं. पर्स मागे होती, डबा मागे होता. सीटचं कातडं मात्र मध्ये खाली गेलं होतं.

मास्तर काटकुळा होता. तो बसला तरी सीटला सुरकुती पडत नसे.

टिंग… टिंग…

उतरून पळावं, हे तिच्या मनात आलं. पण कुठे? भिंतीच्या एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला उतार, आणि धुक्यात चार पावलांवरचं दिसत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. आणि नवरा त्याच धुक्यात कुठेतरी चालत गेला होता, तिच्यामुळे. पाटी काळी असताना तो तिला गप्प का बसवायचा, आणि इतके दिवस ही सीट का अडवून बसला होता, ते तिला आता कळलं. तिने गाडी चालू केली, वळवली आणि घराच्या रस्त्याला लावली. समोर बघत राहिली. आवाज थांबेना. गाडीने वेग घेतला तसा तो वाढला, टिंग टिंग टिंग, हट्टी मुलाने ताट वाजवावं तसा. त्याच्या मधल्या मधल्या शांततेत तिला आणखी काहीतरी ऐकू येऊ लागलं होतं, तिच्या श्वासापेक्षा सावकाश, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

पहिल्या वळणावर तिने गाडी थांबवली. नजर रस्त्यावरच ठेवली. हात लांब करून चाचपत शेजारच्या सीटचा पट्टा पकडला आणि आपल्याकडे ओढला. रिकाम्या सीटवरून पट्टा सरळ यायला हवा होता. तो येईना. पट्टा संपत आला तरी पोचेना, म्हणून तिने आणखी ओढला, आणखी ओढला, आणि शेवटी सगळा जोर लावून खटक्यात बसवला.

आवाज थांबला.

गाडी घराकडे निघाली. तिच्या डोळ्यांच्या कडेला तो पट्टा दिसत होता. सीटपासून हातभर पुढे तो ताणून उभा होता, आणि सावकाश वरखाली होत होता.